पोटातली सही

१. पाठ

छिन पालथी घालून मू हानछिंगने तिच्या पोटाच्या फटीत बॅटरी धरली आणि तो तसाच वाकून राहिला. इतका वेळ, की स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कंबर धरली का?"

"पेइझेन, इकडे ये. सही नाही."

"कुणाची?"

"वेन मास्तरांची. आत होती. आता नाही."

पेइझेन ओले हात पुसत आली. तिने एक डोळा मिटून फटीत पाहिलं. आत फिकट, उघडं लाकूड होतं. एक रेघ नाही, एक टिंब नाही.

"तू दुसऱ्याच फटीत बघत असशील. दोन आहेत."

"दोन्हीत बघितलं."

छिन म्हणजे सात तारांची लांबट पेटी, टेबलावर आडवी ठेवून वाजवतात. वरची फळी आतून कोरायची, तिच्या आतल्या अंगावर कारागिराने शाईने सही करायची, आणि मगच खालची फळी चिकटवून पोट बंद करायचं, ही रीत. ही छिन घडवणाऱ्या वेन मास्तरांची सही दोन वर्षांपूर्वीच्या शरदात मूच्या डोळ्यांदेखत झाली होती. फोनमध्ये फोटो होता. तो फोटो मूने दोन लग्नांत, एका बारशात आणि न्हाव्याच्या दुकानातसुद्धा दाखवला होता.

त्यानंतर पोट बंद झालं, वर रोगणाचे थर चढले, आणि छिन काल संध्याकाळी घरी आली. सांधा कुठेही उघडलेला नव्हता. बंद पेटीतून सही कशी जाईल?

"परवा नाव कोरणारा येतोय," पेइझेन म्हणाली.

तोच तर घोर होता. छिनच्या पाठीवर मालक आपल्या आवडीचं नाव कोरून घेतो, आणि एकदा ते कोरलं की छिन परत घेत नाहीत. बत्तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेल्या मूने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एकच वस्तू. ती अस्सल आहे की नाही, हे ठरवायला त्याच्याजवळ दीड दिवस होता.

"वरच्या मजल्यावर जा," पेइझेन म्हणाली. "नापास शाओला बोलाव."

२. पोट

(रिकामं.)

३. वही

शाओ लिंगयुन रोगणाच्या कारखान्यात तपासनीस होत्या. तबकं, पेट्या, पडदे त्यांच्या हाताखालून जायचे आणि त्यातले निम्मे परत जायचे, म्हणून हे नाव. आता सत्तरी उलटली होती. त्या आल्या, छिनकडे पाहिलंही नाही, आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "आधी तुझी वही दे. वेनकडे तू पोचलास कसा, ते बघू."

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. बस डेपोत मिळालेली.

*पहिला कारखाना.* महिन्याला चाळीस छिना करतो म्हणाला. झाडाच्या चिकाचं रोगण दमट हवेतच वाळतं, थर लावायचा आणि थांबायचं. चाळीस कशा? विचारलं तर चहा दिला. चहा चांगला.

*तिसरा.* पोटात सही छापील. चिकटवलेली. एक कोपरा सुटला होता.

*चौथा.* लाकूड तीनशे वर्षं जुन्या देवळाच्या तुळईचं. पाचव्याकडेही त्याच देवळाचं. नवव्याकडेही. देऊळ फार मोठं असलं पाहिजे.

*सहावा.* हात लावल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीसारखी लागते. पेइझेन म्हणते, खुर्ची बरी.

*आठवा.* माणूस उत्तम. छिन उत्तम. म्हणाला, नऊ वर्षं थांबा. मी तेव्हा सत्तरीचा.

*अकरावा. वेन चोंगली.* गावाबाहेर, कालव्याच्या काठी. हात कापतात. "लाकूड कुठलं?" "जवळच्या पाडलेल्या गोदामाचं." देऊळ नाही. खिळ्याची भोकं दाखवली, लपवली नाहीत. पोट बंद करताना बोलावीन म्हणाला. बोलावलं. सही माझ्यासमोर.

शाओबाईंनी वही मिटली. "बसवाल्याला शोभेल अशी वही आहे. प्रत्येक थांब्यावर थांबलास."

"ताई, मग चुकलो कुठे?"

"ते अजून ठरायचंय. पिशवीत काय काय आलं?"

पेइझेनने टेबलावर मांडलं: जादा तारा, निळे गोंडे, छिनची निगा कशी राखायची याचं हाताने लिहिलेलं कार्ड आणि एक बारीक कुंचला. त्याची मान वाकडी होती, चहाच्या किटलीच्या तोटीसारखी.

"हा धूळ झाडायला," पेइझेन म्हणाली. "वरच्या शिंपल्याच्या तेरा टिकल्यांभोवती धूळ बसते ना. सकाळीच झाडली मी. केस फार मऊ आहेत, नीट झडत नाही."

शाओबाईंनी कुंचला उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. "झाडू नकोस," एवढंच म्हणाल्या.

४. दुकान

लुओ बाओशानचं वाद्यांचं दुकान जुन्या पेठेत होतं. वेन मास्तरांच्या छिना तोच गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायचा. मू आणि शाओबाई गेले तेव्हा तो खेकड्याच्या सारणाचा गरम वाफवलेला बन खात होता, आणि तो हातातून ठेवायला तयार नव्हता.

"ड्रायव्हरसाहेब, या. वाजवलीत?"

"आधी पोट बघितलं," मू म्हणाला.

"लोक लग्नाआधी मुलीला असं बघत नाहीत. बरं, मग?"

"सही नाही."

लुओ चावायचा थांबला. मग सावकाश गिळून म्हणाला, "आणि तुम्ही समजलात, लुओने बदलली."

"मी काही समजलो नाही. घरचे तसं समजलेत."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा. हे बघा, माझ्या दुकानात आठ छिना आहेत. घ्या बॅटरी, बघा सगळ्यांची पोटं. सही नसलेली एक सापडली तर हा बन तुमचा."

"अर्धा खाल्लेला?" शाओबाई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही माझ्या काकाची अख्खी पेटी परत पाठवली होती, एकोणनव्वद साली. बिचारा अजून सांगतो."

"झाकण बसत नव्हतं."

"बसत नव्हतंच," लुओने मान्य केलं आणि तो एकदम साधा बोलायला लागला. "मी छिन आणायला गेलो तेव्हा मास्तरांनी ती स्वतः पिशवीत घातली. दोन तास लागले. हात असे कापतात. मी म्हटलं, मी बांधतो, तर हाताला चापट मारली. गोंडे, तारा, सगळं स्वतः. मी फक्त गाडी चालवली. मी बदलली असती तर सही असलेलीच आणली असती ना? सही नसलेला माल विकायला मी काय वेडा आहे?"

बाहेर पडल्यावर मू म्हणाला, "पटतंय त्याचं."

"पटायलाच हवं. खोटी छिन देणारा सही आधी करतो, छिन मागाहून." शाओबाई दोन पावलं चालून थांबल्या. "पण मग प्रश्न वाढला. छिन बदलली नाही आणि सही गेली, असं होतं का कधी?"

५. खिळा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला शाओबाई स्वतःचा कप घेऊन खाली आल्या. पेइझेनने सुक्या टोफूच्या बारीक पट्ट्या रश्शात घालून ठेवल्या होत्या. शाओबाईंनी त्या शेवटच्या पट्टीपर्यंत खाल्ल्या, मग म्हणाल्या, "फोटो काढ. मोठा कर."

मूने फोन पुढे केला. वेन मास्तरांची तिरपी, थरथरती अक्षरं. सहीच्या शेवटच्या अक्षराशेजारी गोदामाच्या तुळईत कधीकाळी ठोकलेल्या खिळ्याचं चौकोनी भोक.

"केवढं आहे?"

"मास्तरांचं बोट शेजारी आहे. नखाच्या अर्धं. वाटाण्याएवढं म्हणा."

"आता छिन पालथी कर. त्याच जागी बघ. भोक आहे?"

मू वाकला. होतं. चौकोनी, त्याच तिरक्या रोखाने बसलेलं, त्याच काळपट कडेचं. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला होता.

"तीच छिन आहे. बदललेली नाही."

"केवढं आहे?"

तो परत वाकला. या वेळी जास्त वेळ. "मुगाएवढं," तो म्हणाला. "लहान झालंय."

"भोक लहान होतं का कधी, पेइझेन?"

"बुजवलं तर होतं."

"बुजवलेलं नाही, पोकळ आहे," मू म्हणाला.

शाओबाईंनी चॉपस्टिक उचलली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. ती त्यांनी ताटलीतल्या मऊ बनमध्ये टोकाकडून उभी खुपसली आणि बाहेर काढली. "हा जुना घडीव खिळा. डोक्याशी जाड, टोकाकडे निमुळता. पडलेलं भोकही तसंच, वर मोठं, आत लहान. आता बघ." त्यांनी बनचा वरचा पापुद्रा सोलून काढला. खाली भोक होतंच, पण अरुंद.

मू त्या बनकडे बघत राहिला.

"वरून लाकूड काढलंय," तो म्हणाला.

"चांगलं तांदळाच्या दाण्याएवढं जाड. सही त्याच्याबरोबर गेली. कुणी पुसली नाही, कुणी चोरली नाही, भुसा होऊन गेली. पोट बंद झाल्यावर, पण रोगण चढायच्या आधी, कुणीतरी सांधा उघडला, फळी आतून आणखी पातळ केली आणि परत चिकटवली. त्यावर सगळे थर चढले, म्हणून बाहेरून कळत नाही."

"मास्तरांनीच केलं असेल."

"फोटोत बघ. मास्तर गोल पटाशीने कोरतात, माशाच्या खवल्यांसारख्या खुणा राहतात. आत्ता आत काय आहे?"

"गुळगुळीत. बारीक आडव्या रेघा."

"फुटक्या काचेने खरवडलंय. छिन करणारे असं करत नाहीत. तबकाचा तळ असा खरवडतात." त्यांनी चहा संपवला. "आणि तबकाचा तळ असा खरवडायला या शहरात एकाच ठिकाणी शिकवायचे. आमच्या कारखान्यात, तिसऱ्या विभागात. चल, वेनकडे जाऊ. बस किती वाजता आहे? तुला तर पाठच असणार, नाही का?"

"आठ वीस," मू म्हणाला. "पण तो नेहमी चार मिनिटं उशिरा येतो."

६. कार्यशाळा

वेन मास्तरांच्या अंगणात फळ्या उभ्या वाळत होत्या. मूने छिन पाठीवर घेऊन आणली होती. मास्तर ओट्यावर बसले होते. मोतिबिंदू काढल्यापासून ते सगळ्यांकडे जरा आश्चर्याने बघायचे. मुलगा शेनझेनला मोबाइलच्या कारखान्यात. घरात ते आणि सून. सून श्ये वानच्यू खिडकीशी बसून निगा राखायच्या सूचनांची कार्डं लिहीत होती. मूची नजर कार्डावर गेली. अक्षर हुबेहूब वेन मास्तरांचं होतं. तिरपेपण तेच, फक्त थरथर नव्हती.

"बसा," मास्तर म्हणाले. "आवाज कसा आहे?"

"वाजवली नाही अजून. सही दिसली नाही, म्हणून हात गेला नाही."

वानच्यूची लेखणी कार्डावर थांबली. शाई पसरत गेली.

"माझी सही तुझ्यासमोर झाली होती," मास्तर शांतपणे म्हणाले.

"हो. म्हणूनच आलो."

शाओबाई खिडकीशी गेल्या. "तिसरा विभाग?"

वानच्यूने मान डोलावली. चाळिशीची, कोपरापर्यंत हातांवर रोगणाचे काळे डाग. नवख्याला ते रोगण चावतं, अंगावर पुरळ येतं. तिच्या हातांना त्याची कधीची सवय झाली होती. "तुम्ही माझी पहिली सात तबकं नापास केली होती, बाई."

"आठवं?"

"घेतलंत."

"मग चांगलं असणार. आता सांग."

ती उठली. मास्तरांकडे न बघता, मूकडे बघून बोलायला लागली.

"बाबा डोळ्यांसाठी नानचिंगला होते. थर चढवायच्या आधी कोऱ्या लाकडावर तारा चढवून आवाज ऐकायचा असतो, तो मी ऐकला. बसका होता. जाड तारा तर पोत्यावर मारल्यासारख्या. फळी जाड राहिली होती. बाबांना हल्ली हाताने जाडी नीट कळत नाही. ते मला म्हणवेना, आणि तशी छिन पाठववेना. तुम्ही अकरा ठिकाणं फिरून आला होतात." ती क्षणभर थांबली. "पावसाळा तोंडावर होता. तो गेला की थर पुढच्या वर्षावर. मी सांधा उघडला. थोडं खरवडलं, ऐकलं, परत खरवडलं. नऊ दिवस. सही पहिल्याच दिवशी गेली."

"मग परत लिहायची," मू म्हणाला. "तुमचं अक्षर तर—"

"तेच तर. मला ती इतकी येते की कुणालाच कळलं नसतं. तुम्हालाही नाही. म्हणून नाही लिहिली."

"आणि स्वतःची?"

"लाकूड बाबांनी निवडलेलं. आकार त्यांचा. माझी कशी करू?" आता तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, दर महिन्याला मी सांगीन म्हणत होते. दीड वर्ष झालं."

अंगणात कालव्यावरून जाणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकू आला. मू हे सगळं कसं ऐकतोय, त्याकडेच वेन मास्तर बघत होते.

आणि मूला कळेना की आता छिन परत करायची की नाही. ती एकट्या वेन चोंगलीची नव्हती, हे तर सिद्धच झालं होतं.

७. कुंचला

"एक गोष्ट राहिली," शाओबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वाकड्या मानेचा कुंचला काढला आणि ओट्यावर ठेवला. "ही धूळ झाडायची वस्तू नाही. केस शाईने लिहायच्या कुंचल्याचे आहेत, मान दिव्यावर तापवून वाकवलीय. सरळ कुंचला फटीतून आत जाऊन वर लिहू शकत नाही. हा शकतो. बंद पोटात लिहायचा कुंचला आहे हा."

"पिशवी कुणी भरली?" त्यांनी मूला विचारलं.

"मास्तरांनी. दोन तास लावून. लुओला हातसुद्धा लावू दिला नाही."

"ज्याला वाटतं की आत सही आहे, तो लिहायचा कुंचला कशाला पाठवील?"

वानच्यू ओट्याच्या कडेवर बसली.

वेन मास्तरांनी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून ठेवला. "नानचिंगहून आलो आणि फळीवर टिचकी मारली," ते म्हणाले. "डोळे गेले होते, कान नव्हते गेले. अशी बोलणारी फळी मी वीस वर्षांत कोरली नाही."

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस? मी म्हटलं, आपण होऊन सांगेल. वाट बघितली. तू माझी कार्डं लिहीत बसलीस. मी विचारलं असतं तर तू माफी मागितली असतीस, आणि मला माफी नको होती." मग ते मूकडे वळले. "माझ्याकडे तीस गिऱ्हाइकं आहेत. सगळी सांगतात, मास्तर, तुमच्यावर विश्वास आहे. बॅटरी घेऊन आत वाकणारा तू एकटा. दुसऱ्या कुणाकडे पाठवली असती तर ही गोष्ट दहा वर्षं पोटातच राहिली असती."

"म्हणजे तुम्ही मला कामाला लावलंत," मू म्हणाला.

"हो. राग आला?"

मूने जरा विचार केला. रात्रभर झोप नाही, बायकोने लुओला केव्हाच तुरुंगात धाडलेलं, शिवाय बसचा त्रास. "आधी वाजवून बघतो," तो म्हणाला, "मग ठरवतो."

त्याने छिन ओट्यावर ठेवली. त्याला तीनच सूर धड यायचे. त्याने सगळ्यात जाड तार मोकळी सोडली. सूर उठला आणि लगेच विरला नाही. अंगणातल्या फळ्यांपाशी जाऊन, थोडं थांबून, सावकाश निघून गेला. बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाने तो शेवटपर्यंत ऐकला.

"नाही आला," तो म्हणाला. "राग."

"अकरा कारखान्यांत तू सही असलेला माणूस शोधत होतास," शाओबाई म्हणाल्या. "सहीवरून कळतं होय? हिला खोटी सही करता येत होती, कुणाला कळलं नसतं, आणि दीड वर्ष हिने ती केली नाही. असा कारागीर शोधायचा असतो. पण तो सापडायचा तर आधी सही नसलेली जागा दिसावी लागते."

"वहीत लिहून ठेवतो."

"लिही. आणि खाली माझं नाव घाल. मी फुकट कुठे जात नाही."

८. पोट, पुन्हा

शाई वेन मास्तरांनी स्वतः घोटली. काय लिहायचं यावर सासरा-सुनेचं थोडं वाजलं. ती म्हणे तुमचं आधी, ते म्हणाले तुझंच. शेवटी मूने सांगितलं, जे खरं आहे ते लिहा, मला दोन्ही चालतील.

छिन पालथी घातली. वानच्यूने वाकडा कुंचला फटीतून आत नेला. बॅटरी मास्तरांनी धरली.

"बाबा, उजेड हलतोय."

"हात हलतो म्हणून तर तू लिहितेयस."

अक्षरं वाकडीतिकडी आली. पहिल्यांदाच ती वेन मास्तरांच्या अक्षरासारखी नव्हती.

*लाकूड वेन चोंगलीने निवडलं, आकार दिला. पोट श्ये वानच्यूने उघडलं, ऐकलं, बंद केलं.*

शाई वाळेपर्यंत चौघांनी चहा घेतला. लुओला फोन करून सांगितलं. पेइझेनने माफी मागायलाच हवी असा त्याने हट्ट धरला आणि तिच्या वतीने मूने ती मागेपर्यंत फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी नाव कोरणारा आला. हत्यारं मांडून, चष्मा लावून तो म्हणाला, "बोला. 'पाइनमधला वारा' लिहू? सध्या तेच चालतं. नाहीतर 'शरदातलं पाणी'."

पेइझेनने मूकडे पाहिलं. गेले दोन महिने टेबलाच्या खणात अशा नावांचे सतरा कागद पडले होते. तो खणाकडे गेला नाही.

"अकरावा थांबा," मू म्हणाला.

कोरणाऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "नक्की? एकदा कोरलं की परत नाही."

"नक्की. इथे उतरायचंय मला."